कॉटखालचा पिरॅमिड

३ फेब्रुवारी
मला लिहिता येत नाही. नात दिपालीने फोनमध्ये सोय करून दिलीय. मी बोलते, तो लिहितो. वाचणारं कुणी नाही, मीसुद्धा नाही.
डॉक्टरने बीपीपायी सुकी मच्छी बंद केली. अख्खी जिंदगी वर्सोव्यात बोंबील सुकवून विकले आणि आता खायचे नाहीत म्हणे! सून विनिता डॉक्टरपेक्षा कडक. घरातले सगळे बोंबील शेजारच्या प्रेमाला द्या, म्हणाली. दिले. अर्धे.

४ फेब्रुवारी
विनिताबरोबर टीव्हीवर इजिप्तच्या राजांची थडगी बघितली. मेलेल्यासाठी आत धान्य, दारू, सुकवलेली बदकंसुद्धा! मेलेल्याला चालतं, मला नाही. भिंतीत खोटा दरवाजा, त्यातून फक्त आत्मा जाणार. वाट बंद करायला वरून सुटणारा दगड.
ठरलं. कॉटखाली बांधायचं.

६ फेब्रुवारी
काम झकास. भिंतीला लागून बोंबलांचा डबा. पुढे गोधड्यांचं गाठोडं. त्यापुढे पापडाचा डबा, तो खोटा दरवाजा. सगळ्यात पुढे जुना पाटा, उभा टेकवलेला, त्याला दोरी. दोरी ओढली की धाडकन वाट बंद.
वास येतो का, हुंगून बघितलं. अजिबात नाही. तसा मला पन्नास वर्षांत कधीच आला नाही.
मुलगा बळवंत बोटींची इंजिनं जोडतो. अक्कल कुठून आली, आज कळलं.

७ फेब्रुवारी
प्रेमा जेवून आली. भलामोठा ढेकर दिला. म्हणाली, बोंबलाचं कालवण काय झालं होतं गं! मी मनात हसले. खा बाई. माझी ठेव शाबूत आहे.

९ फेब्रुवारी
दोरी ओढून बघितली. पाटा पडला. आता मला उचलवत नाही. राजा बाहेर, जेवण आत. सांगणार कुणाला?
उद्यापासून गुडघ्यांचे व्यायाम.

१२ फेब्रुवारी
व्यायाम उद्यापासून.
विनिताने विचारलं, आई, सारखं कॉटखाली काय बघता? म्हटलं, कंबर मोकळी करते. जेवायला दुधी. बीपीची गोळी आठवणीने विसरले.

१८ फेब्रुवारी, दुपार
शेवटी बळवंतला म्हटलं, सुई आत गेलीय, पाटा हलव. तो वाकतोय तोवर विनिताने कॉटच बाजूला ओढली. रोज झाडताना ओढते म्हणे. रोज! मी तेव्हा दारात प्रेमाशी गप्पा मारत असते.
डबा उघडला. बोंबील नाहीत. आत माझ्या गोळ्या. विनिता म्हणाली, राजाला लागेल ते सगळं आत ठेवतात ना आई? ह्या राहिल्या होत्या.
बोंबील सात तारखेला सकाळीच प्रेमाकडे पोचले होते.
म्हणजे तो ढेकर माझ्या हक्काचा होता.
गोळी घेतली. वर दुधी.