बाबांच्या हाती न लागलेला पासपोर्ट

ती. आत्यास,

आधी तुला वाकून नमस्कार, मग काकांना, आणि मग तुझ्या गुडघ्यांची चौकशी. डावा कसा आहे? उजव्यानेही त्याची संगत धरली असं आई म्हणत होती, ते खोटं असू दे. काकांचा खोकला गेला की नुसता दुसऱ्या खोलीत झोपायला गेला? इकडे सगळे खुशाल आहेत. आईची पाठ अधूनमधून बोलते आणि दादा बोलायचा अजिबात थांबत नाही, हे सोडलं तर काळजीचं कारण नाही. (काळजी मी करतेच, पण ती कारणाशिवाय.)

आत्या, मी जिंकले. काय जिंकले ते लगेच सांगून टाकावंसं वाटतंय, पण मधूनच सुरुवात केली तर मी काही वगळलं किंवा फुगवलं असं मला पुढचा आठवडाभर वाटत राहील. म्हणून पहिल्यापासून सांगते.

पाठीवर एक मोठी बॅग घेऊन, एकटीने, चार-पाच महिने देशाबाहेर फिरायचं, डोंगरांच्या बाजूने सुरुवात करून समुद्राला जाऊन थांबायचं, हे माझ्या मनात दोन वर्षं होतं. आपल्या कुलूप-किल्लीच्या दुकानात किल्ल्या कापून साठवलेले पैसे होते, पासपोर्ट होता, फक्त बाबांना सांगायचं धाडस नव्हतं. ते मी गेल्या सोमवारी केलं. बाबा तेव्हा एका किल्लीला कानस मारत होते. कानस थांबली. आपल्या घरात कानस थांबणं म्हणजे काय हे तुला वेगळं सांगायला नको, तू तिथेच वाढलीस. बाबा म्हणाले, "जगातलं एकूण एक कुलूप उघडतं, हे तुला शिकवलं ते काय घराला कुलूप लावून निघून जायला?" मी म्हटलं, घरात तुम्ही सगळे असणार, कुलूप कशाला लागेल. त्यावर दादा मागून म्हणाला, "बाबा, ही एकटी जाणार? हिला आपला रुमाल सापडत नाही." (हे खोटं आहे. रुमाल मी जागेवरच ठेवते, दादाच घेऊन जातो.)

रडारड झाली नाही. ती झाली असती तर बरं, कारण रडण्यावर उपाय असतो. बाबांनी अट घातली. रविवारी दुकान बंद होईपर्यंत माझा पासपोर्ट त्यांनी किंवा दादाने माझ्याकडून काढून घेतला तर प्रवास रद्द, आणि त्याबद्दल पुन्हा बोलायचं नाही. नाही घेता आला तर बाबा स्वतः मला गाडीत बसवून देणार. जिच्या बापाने आणि भावाने आयुष्यभर लोकांची कुलपं किल्लीशिवाय उघडली, तिच्यापुढे ही अट! आई म्हणाली, मी कोणाच्याच बाजूने नाही. मी मात्र लगेच हो म्हटलं आणि सुई-दोरा शोधायला निघाले.

पहिल्यांदा मी सगळे करतात तेच केलं. कापडी पट्ट्याची चपटी पिशवी शिवली, पासपोर्ट त्यात घातला आणि कपड्यांच्या आतून कमरेला बांधली. चेनला बोटभर कुलूपही लावलं, आपलंच, मी घडवलेलं. पिशवी इतकी सुरक्षित झाली की मलाही मिळेना. बसच्या पासाच्या खिडकीवर ओळखपत्र मागितलं, तेही त्याच पिशवीत. मी आधी डावीकडून प्रयत्न केला, मग उजवीकडून, मग भिंतीकडे तोंड करून. आतला कारकून म्हणाला, "ताई, अंगात आलंय का? बाजूला व्हा." मागच्या एका बाईंनी बिचारीने आपली ओढणी पडद्यासारखी धरली, तेव्हा रांगेतल्या सगळ्यांना नक्की कळलं की माझ्याकडे काहीतरी मौल्यवान आहे आणि ते नेमकं कुठे आहे. परदेशात चोराला याहून चांगली माहिती कोणी दिली नसती. पिशवी रद्द.

मग दादा कामाला लागला. तो 'सहप्रवासी' झाला. माझ्या खोलीत येऊन, पलंगावर बसून, अनोळखी माणसाच्या आवाजात म्हणतो, "नमस्कार, आपण कुठवर? मी जरा चहा आणतो, माझ्या सामानाकडे बघाल का?" आणि उठताना माझीच बॅग उचलून चालायला लागला. मी ओरडले. तर म्हणतो, "चोर ओळखीचा नसतो, ओरडून बोलवायचं कोणाला हे आधी ठरव." आत्या, त्याच्या तोंडून चुकून कधी शहाणपणाचं निघतं आणि मग तो आठवडाभर ते पुन्हा पुन्हा म्हणत फिरतो. बॅगेत पासपोर्ट नव्हता, बुटात होता. ते बूट संध्याकाळी आईने धुवायला घेतले. (ती कोणाच्याच बाजूने नव्हती, पण चिखलाच्या विरुद्ध होती.) मी धावत जाऊन वाचवला.

पण माझी खरी अडचण जागेची नव्हती, नजरेची होती. तुला ठाऊकच आहे, मला खोटं बोलता येत नाही, हे माझं मोठेपण नाही, जमत नाही. बाबा नुसते दारात उभे राहून विचारायचे, "काय गं चिमटे, नीट ठेवलास ना?" आणि माझे डोळे आपले त्या जागेकडे. गादीकडे, कपाटाच्या मागे, घड्याळाकडे. बाबा हसत निघून जायचे आणि मी लगेच जागा बदलायचे. शेवटी मी मान खाली घालून वावरायला लागले, तर आईने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

तेव्हा मला सुचलं. माझी नजर जिथे जाईल तिथे बाबांना काही संशयच येणार नाही, अशी जागा हवी. अशी एकच होती. बाबांचा दुकानातला जाड एप्रन. त्याला आतून एक खिसा आहे, कानशीच्या टोकाने फाटला म्हणून आईने तो कधीचाच वरून शिवून टाकलाय. बाबा दुपारी जेवायला बसले, एप्रन खुंटीला होता. मी टाके उसवले, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पासपोर्ट सरकवला, आणि पुन्हा शिवून टाकलं, तोच दोरा, तसेच टाके. त्यानंतर बाबा माझा पासपोर्ट पोटाशी धरून अख्खं घर धुंडाळत होते.

ते मला विचारायचे, "खोलीत आहे?" मी म्हणायचे, "कधी असतो, कधी नसतो." शब्दाशब्दाने खरं! "घराबाहेर नेलास?" "मी नाही नेला." (ते एप्रन घालून एका गिऱ्हाइकाचं कपाट उघडायला गेले होते. ते परत येईपर्यंत मी दुकानाच्या दारातून हलले नाही.) आणि माझी नजर सतत त्यांच्यावर. जेवताना, दुकानात, ते पेपर वाचताना. परिणाम असा झाला की बाबा हळवे झाले. शुक्रवारी आईला म्हणताना मी ऐकलं, "पोरीचा जीव माझ्यात अडकलाय गं. सारखी बघत असते." आत्या, मला इतकं अपराधी वाटलं की मी सगळं सांगूनच टाकणार होते. पण मग वाटलं, तेही काही खोटं नाही. दोन्ही कारणांनी बघत होते.

रविवारी बाबांनी निकराची चढाई केली. मला ती अपेक्षित होती, म्हणून बॅगेला मी कुलूप लावलं होतं. बॅगेत कुलूप लावलेला डबा, डब्यात त्याहून लहान कुलूपबंद डबी, आणि त्या डबीवर मी स्वतः आधीच तीन आठवडे खपून घडवलेलं, उलट्या लिव्हरचं कुलूप, म्हणजे आतली पट्टी नेहमीच्या उलट बाजूला सरकवावी लागणारं. हे फसवणं होतं का, याचा मी खूप विचार केला आणि म्हणून आधीच बाबांना स्वच्छ सांगितलं, "बाबा, यात पासपोर्ट नाही." ते म्हणाले, "असं होय!" आणि मांडी घालून बसले. पहिली दोन कुलपं बोलता बोलता उघडली. तिसऱ्यापाशी त्यांचं बोलणं बंद झालं. चष्मा आला, तार आली, दुसरी तार आली. दादा म्हणाला, "बाबा, तिनं सांगितलंय, आत काही नाही." बाबा म्हणाले, "तू गप. आत काय आहे ते कोण विचारतंय?" आपल्या माणसांचं हे असंच आहे. बंद कुलूप दिसलं की आपण कशासाठी आलो ते विसरतो; उघड्या दाराकडे आपल्यातलं कोणी बघतही नाही. जेवण निवलं. दुकान बंद करायची वेळ दादाने शटर ओढून मोठ्याने जाहीर केली. आणि त्यानंतर बऱ्याच वेळाने बाबा ओरडले, "उघडलं!" असे खूश, असे खूश, की हरलो हे त्यांना आईने सांगावं लागलं.

मी कात्रीने एप्रनचे टाके कापले. बाबांनी पासपोर्ट बघितला, खिसा बघितला, मग ते कुलूप पुन्हा हातात घेतलं. मला म्हणाले, "लिव्हर उलटा कोणी शिकवला?" मी म्हटलं, कोणी नाही. त्यांनी कुलूप पुन्हा लावून बघितलं. आज सकाळपासून ते कुलूप दुकानात समोर मांडलंय आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतायत, "उघडून दाखवा. आमच्या मुलीनं केलंय. ती एकटी फिरायला चाललीय." गिऱ्हाइकं घाईत असतात, तरी थांबून ऐकतात.

तेव्हा आत्या, पुढच्या महिन्यात मी निघते. कशाचीही भीती वाटत नाही. तब्येतीला जप. काकांना पुन्हा नमस्कार.

तुझी,
चिमटी

ता. क. खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. मी जिंकले ते बाबांच्या खिशाच्या जोरावर, आणि बाबा काही बरोबर येणार नाहीत. तर तू येशील का? सीमेअलीकडच्या पहिल्या गावापर्यंतच. आपण गाडीच्या वेगवेगळ्या डब्यांत बसू, म्हणजे प्रवास एकटीचाच धरता येईल. गुडघ्यांना चढ लागणार नाही असं गाव मी बघून ठेवलंय. बाबांना सांगू नकोस.

ता. क. २. पाकीट चिकटवत होते तर बाबा मागे येऊन उभे. "आत्याला लिहितेस? माझ्याकडूनही लिही. म्हणावं, पोरगी बरोबर ये म्हणून गळ घालेल, मुळीच ऐकू नकोस. तिला कोणाची गरज नाही, मी स्वतः तपासलंय." शब्द त्यांचेच आहेत, मी फक्त उतरवले. म्हणून वरचं सगळं वाचून विसरून जा. मी एकटीच जाणार. तिकीट काढू नकोस. (काढलंच असलंस, तर रद्द करायच्या आधी एकदा मला विचार.)