लेव्हल ३१ ची राखाडी सळई

मंगळवार, ४ नोव्हेंबर

१. दुपारी १:१२ ला ऋतुजाची लिंक आली. चौदा महिन्यांनी.
२. सोबत एक शब्दही नाही.
३. उघडली. ब्राउझरमधला तोच पुलांचा गेम, डिप्लोमाला असताना लॅबमध्ये खेळायचो तो. लेव्हल ३१. डाव्या काठापासून अर्धा पूल तिने बांधलेला. पुढे नुसती हवा.
४. डबा संपायच्या आत उजवा अर्धा मी बांधला.
५. तिची एक सळई काढली.
६. ट्रक पार. तीन तारे. लिंक परत पाठवली.
७. ब्लू टिक आली. उत्तर नाही.

क्र. ५ बद्दल. लॅबमधला नियम होता : डावा अर्धा एकीचा, उजवा दुसरीचा, दुसरीच्या सळईला हात लावायचा नाही. मी लावला. ट्रक जाताना ती सळई सुरुवातीपासून शेवटपर्यंत राखाडी होती. राखाडी म्हणजे भार जवळपास नाही. (हिरवी ठीक, लाल म्हणजे तुटायच्या बेतात.) कमी सळ्या, जास्त तारे. काढण्याचं कारण एवढंच.

बुधवार, ५

उत्तर नाही.

ऑफिसात ऋ.च्या जुन्या टेबलावर आता निखिल बसतो. त्याला लिंकपुरतंच सांगितलं. म्हणाला, "ब्लू टिक म्हणजे वाचलं, बस. तू पण ना यार, त्याचाही ग्राफ काढशील." काढला नाही. पण वेळ लिहून ठेवली आहे, १:४९.

माझाच पूल घरच्या लॅपटॉपवर दहा वेळा चालवला. दहाही वेळा उभा. ऑफिसच्या पीसीवर दहापैकी सात वेळा. सळ्या त्याच, जोड तेच. पीसी मंद, गणित मोठ्या टप्प्यांत करतो, म्हणून असेल. कारण पटतं. तरी त्या तीन वेळा काय होतं ते कळत नाही, एकदाही एकाच जागी तुटला नाही.

गुरुवार, ६

ठोकळे सरकवायचे गेम मला कधीच अडकवत नाहीत. उत्तर एक असतं, चुकलं तर मागे जाता येतं, ठोकळे होते तिथे येतात. पुलांचं तसं नाही. वेडावाकडा पूलही उभा राहतो आणि नीट काढलेला पडतो. ऋ.चे पूल नेहमी वेडेवाकडे. बहुतेक उभे राहायचे. मला याचा राग यायचा, हे आत्ता लिहिताना कळलं.

चौदा महिन्यांपूर्वीचं एकदा लिहून टाकते. मुलुंडच्या याच ऑफिसात आम्ही दोघी लोखंडी शेडची ड्रॉइंग्ज करायचो. तिच्या एका ड्रॉइंगमध्ये ब्रेसिंगचा, म्हणजे तिरक्या आधारांचा, एक सेट राहिला होता. मी तपासलं, मेल लिहिला, सरांसकट सगळ्यांना कॉपी. मुद्दा बरोबर होता. तांत्रिकदृष्ट्या आजही बरोबर आहे. ती उठून आली.

"बरोबर आहेस गं तू. पण माझं टेबल तीन फुटांवर आहे. तोंडाने सांगता आलं नसतं?"

मी म्हणाले, लेखी असलेलं बरं.

महिन्याभरात तिने बोरिवलीला नोकरी धरली. तिच्या शेवटच्या दिवशी मी साइटवर होते. जायलाच हवं होतं असं नाही.

शनिवार, ८

आई : "झालो काय तुझो पूल बांधून? मगे ह्यो नारळ फोड."

फोडला. खवताना तिने विचारलं, "ती ऋतुजा हल्ली येयना काय? कोलंबीची कढी मागून खाय."

बिझी असते म्हटलं.

"बिझी? बोरिवली काय दुबयक आसा?"

करवंट्या गोळा केल्या. आईला मेलचं माहीत नाही. बहुतेक.

शक्यता : (अ) लिंक चुकून आली. (आ) जुन्या सगळ्यांना फॉरवर्ड केली, त्यात मी. (इ) मुद्दाम मला. तिन्हींच्या बाजूने माझ्याकडे पुरावा सारखाच, म्हणजे काहीच नाही.

रविवार, ९

दुपारी लेव्हल ३१ पुन्हा. पलीकडच्या काठावरच्या झेंड्याशेजारी उलट्या बाणाचं छोटं बटण आहे. ट्रक परत आणायचं. त्याचे तारे मिळत नाहीत, म्हणून मी ते कधी दाबत नाही. आज दाबलं.

उजवा काठ उंच. ट्रक जाताना हळू चढतो. येताना उतारावरून वेगात येतो आणि डाव्या काठाशी ब्रेक मारतो. माझा पूल तिथेच कोसळला. पहिल्याच वेळी. घरच्या लॅपटॉपवर.

तिची सळई परत बसवली. ब्रेक लागला तशी राखाडीची हिरवी न होता थेट लाल झाली. टिकली. दहा वेळा केलं, दहाही वेळा टिकली.

लॅबमध्ये ती प्रत्येक लेव्हलला हे बटण दाबायची. मी म्हणायचे, "त्याचे मार्क नाहीत गं." ती म्हणायची, "गेलेला ट्रक घरी नको यायला?" दर वेळी हेच. मी ऐकायचे आणि पुढची लेव्हल उघडायचे.

म्हणजे मंगळवारी तिने ते दाबलं असणार. १:४९ नंतर लगेच. आणि पाहिलं असणार, की मी तिची सळई काढली, तारे घेतले आणि तपासलं नाही. मी. तपासणारी.

सळईचा अर्थ लावत बसणाऱ्यांतली मी नाही. ती फक्त सळई असू शकते. तिने मुद्दाम ठेवली, की सवयीने? ३१ च का पाठवली? काही... इथेच थांबते.

सोमवार, १०

फोन करायचं ठरवलं. केला नाही. सहा मसुदे. एकात पुलाचा नकाशा होता, भाराच्या बाणांसकट. पुसला. पुन्हा लेखीच होतंय हे दिसतंय. पण समोर बोलायला ती आता तीन फुटांवर नाही.

आईला सांगितलं, मेलचंसुद्धा. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मगे चूक कोणाची?" ड्रॉइंगमधली तिची, असं ओठांवर आलं होतं. सातवा मसुदा लिहायला घेतला.

पाठवलेला मजकूर, नोंदीसाठी :

ऋ, तुझी सळई मी काढली, ती चूक झाली. परतीचा ट्रक पाहिला नव्हता. काल पाहिला. सळई जागेवर बसवून लिंक पुन्हा पाठवतेय. उजवीकडची शेवटची सळई मी लावलेली नाही, ती तुझ्यासाठी ठेवलीय. मेलबद्दल : आधी उठून तुझ्या टेबलापाशी यायला हवं होतं. पहिली लिंक तू मला मुद्दाम पाठवलीस की चुकून, एवढंच शनिवारपर्यंत कळव.