काका नाही आले?

अहो,

सहलीचं हे शेवटचं शहर. सगळे खरेदीला गेलेत आणि मी खोलीत बसून तुम्हाला लिहितेय, कारण तुम्हाला तोंड दाखवायला मला जागा उरलेली नाही.

पहिल्याच दिवशी बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, "काका नाही आले?" तुम्हाला जाऊन वर्षही झालं नाही, हे माझ्या तोंडून निघेना. म्हटलं, "त्यांना बाहेरचं जेवण चालत नाही." तसं ते खोटंही नव्हतं.

मग जेवताना समोर अख्खा मासा आला, तेव्हा मी तुमची नक्कल केली. चष्मा कपाळावर चढवून म्हटलं, "यासाठी एवढ्या लांब आलो? घरी काय उपाशी होतो?" सगळं टेबल हसलं. माझ्या बोलण्यावर आजवर कधी कुणी असं हसलं नव्हतं. पुढे मनोऱ्यावर, संग्रहालयात, प्रत्येक शहरात फर्माईश होऊ लागली, "काकू, इथे काका काय म्हणाले असते?" मी सांगत गेले आणि पोटभर जेवतही गेले.

आज सकाळी सगळ्यांनी मिळून तुमच्यासाठी टोपी आणली. "काकांना म्हणावं, पुढच्या वेळी बहाणे चालणार नाहीत." मी ती हसून घेतली.

उद्या नाश्त्याला खरं सांगणार आहे. त्यांच्या रागाची भीती नाही. पण सांगितलं की सगळे एकदम गप्प होतील, माझ्याशी जपून बोलतील, आणि काका काय म्हणाले असते, हे मला पुन्हा कुणी विचारणार नाही.

तुम्ही जिला घुमी म्हणायचात,
ती