मामाची मांडी

म्हसरूळ, नाशिक
२८ नोव्हेंबर २०२४

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

घरात दोन-दोन मोबाइल असताना पोरीला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली, असं तुम्ही म्हणाल. पण आप्पा, तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, कानाचं मशीन तुम्ही कपाटात झोपवून ठेवलंय, आणि आई फोन उचलते ती बरं आहे म्हणून लगेच ठेवून देते. मग मी बोलायचं कोणाशी? मास्तरांना लिहिलेलं तरी वाचावंच लागतं.

ठकू मजेत आहे. रांगते म्हणजे धूम ठोकते. काल गॅसच्या नळीपर्यंत पोचली होती. सोफ्याला धरून उभी राहते, पण नंतर खाली कसं बसायचं ते तिला उमगत नाही, म्हणून उभ्या उभ्या रडते. फरशीवर पडलेला एकुलता एक कुरमुरा दोन बोटांच्या चिमटीत बरोबर उचलते आणि भाताचं ताट दिलं की उलटं करते. तिचा बाबा, भारत, कंपनीत जाताना टाटा कर म्हटलं तर करत नाही. तो जिना उतरून गेला की मग बंद दाराला करत बसते.

आता मूळ मुद्द्यावर येते. बाळंतपणाचे पाच महिने आईने तिला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. शर्वरी हे नाव जड वाटतं म्हणून ठकू हे नावही तिनेच ठेवलं. आणि सुनील गेला, त्याच्या दिवसांना मी देवळ्याला आले, तेव्हा तिने एकदाही ठकूला जवळ घेतलं नाही. मी मुद्दाम तिच्यापुढे ठेवली, तर ती उठून स्वयंपाकघरात गेली. ठकू तिच्या मागे रांगत उंबऱ्यापर्यंत गेली होती. ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तिथे जमलेल्या बायका काय कुजबुजत होत्या ते मला ऐकू आलं. पोरीचे वरचे दात आधी आले, ते मामाला भोवले. आप्पा, मी स्पष्टच विचारते. आईलाही तसंच वाटतं का? माझा धाकटा भाऊ गेला आणि तुमचा मुलगा गेला, ते दुःख मी कशाला कमी लेखू? पण आईच्या मनात माझ्या लेकीबद्दल तसं असेल तर सांगा. मी तिला देवळ्याला आणणार नाही.

मशीन कानाला लावा. लोभ आहे, तो अंतरू देऊ नये.

तुमची,
तृप्ती


देवळा
९ डिसेंबर २०२४

चि. सौ. तृप्तीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. इतकी वर्षे माझ्या वर्गात बसूनही तुझे अक्षर कोंबडीने माती उकरल्यासारखेच राहिले. तरी दोनदा वाचले. ठकू बंद दाराला टाटा करते हे वाचून मला हसू आले. ते कशाचे म्हणून तुझ्या आईने पाहिले, तर मी पत्र घडी करून खिशात टाकले. तेवढे चुकलेच माझे, वाचून दाखवायला हवे होते.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर देतो. नाही. ठकूवर तिचा राग नाही. तुला ठाऊक नाही ते आता सांगतो, कारण तू भलतेच मनात धरून बसली आहेस.

दातांची बातमी तू फोनवर हसत हसत दिलीस, ते ऐकून सुनीलही हसला होता. आपला मामा एवढा लेचापेचा नाही, असे भाचीला कळवा म्हणाला. तुझी आई मात्र त्याच दिवशी सराफाकडे जाऊन चांदीची वाटी घेऊन आली. मामाने त्या वाटीतून भाचीला दूधभात भरवला की दोष जातो, असे तिच्या माहेरी मानतात. लाल कांद्याची आवक सुरू होती, तो कामाला होता त्या व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांद्याच्या गाड्या भरायच्या होत्या. सुनील म्हणाला की रविवारी निवांत जातो. तिने ऐकले नाही. अशा गोष्टी लांबवायच्या नसतात म्हणून मागे लागली. शेवटी तो मालकाच्या नाशिकला निघालेल्या पिकअपमध्ये बसला, आणि चांदवडच्या अलीकडे घाटात ती उलटली. पोलिसांनी त्याची पिशवी आणून दिली. वाटीला साधा पोचाही नव्हता.

तेव्हा, तृप्ती, ती ठकूला दोष देत नाही. मीच पाठवला, एवढेच तिच्या मनात आहे. पोर समोर दिसली की आपण त्याला कशासाठी पाठवले ते तिला दिसते, म्हणून ती उठून जाते. मी समजावून पाहिले. आयुष्यभर वर्गच्या वर्ग गप्प केले, पण एका बाईला बोलते करणे मला जमत नाही.

थंडी फार आहे. ठकूला कानटोपी घालत जा. जावईबापूंना व विहीणबाईंना नमस्कार. आमच्यावर आहे तीच माया असू द्यावी.

तुझे,
आप्पा


म्हसरूळ, नाशिक
२० जानेवारी २०२५

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मी आईला काय काय समजले होते! त्यानंतर तिला चार वेळा फोन केला, पण ते बोलायला तोंड उघडत नाही. माझंही आणि तिचंही.

परवा ठकूचं बोरन्हाण झालं. हलव्याचे दागिने घालून बसवली, तर तिने मुकुट काढून चोखायला घेतला. डोक्यावरून बोरं-कुरमुरे पडले तेव्हा गल्लीतली सगळी पोरं वेचायला धावली आणि ही एवढी घाबरली की काही विचारू नका. आई यायला हवी होती. सासूबाईंनी स्वतः फोन केला होता, तरी आली नाही.

आप्पा, आता मला वेगळीच भीती वाटतेय. ठकू हल्ली परक्या माणसाला पाहून रडते. दूधवाला आला की माझ्या गुडघ्याला मिठी मारते. शेजारच्या चैतालीकडे ती आधी खुशाल जायची, पण चैताली पंधरा दिवस गावाला जाऊन आली, तर तिलाही ओळखेना. लस द्यायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की छान आहे, वर्षाच्या आत आपलं कोण आणि परकं कोण हे मुलांना कळायला लागतं. त्यांना छान वाटलं, मी मात्र आईचाच विचार करत घरी आले. आई आता कोणत्या बाजूला गेली असेल? मी तिचा फोटो दाखवते, आजी आजी म्हणते. ठकू फोटो चाटते.

दुसरं असं की, सासूबाईंनी जावळाचा दिवस धरलाय, १६ फेब्रुवारी. अकरावा महिना चालतो म्हणे. बाळ मामाच्या मांडीवर बसवायचं असतं. आता सख्खा मामा नाही, तर चुलत मामा चालतो, म्हणून आपल्या राजूला पाटावर बसवायचं ठरतंय. सासूबाई चांगल्या मनानेच म्हणाल्या. आईला हे कळवायलाच हवं आणि माझ्याने ते होणार नाही. तुम्ही सांगा. आणि तिला घेऊन या, कसंही करून.

लोभ असावा, आणि असला तर या वेळी पायी चालत येऊन दाखवावा.

तुमची,
तृप्ती


देवळा
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. तृप्तीस,
अनेक आशीर्वाद.

सांगितले. तुझे पत्रच वाचून दाखवले, फोटो चाटण्यापर्यंत सगळे. ती भाकरी थापत होती. राजूचे नाव आले तसा तिचा हात थांबला आणि तव्यावरची भाकरी करपली. मग म्हणाली की सुनीलच्या जागेवर दुसरे कोणी बसायचे नाही. मी म्हटले, अगं, मग कोणी तरी बसायला हवे ना. त्यावर उठून अंगणात गेली.

रात्री जेवली नाही. सकाळी मात्र पेटीतली इरकल काढून उन्हात टाकली. मी काही विचारले नाही. विचारले की बिनसते, हा माझा जुना अनुभव. गाय व्यायला झाली आहे, त्यामुळे मला घर सोडता येणार नाही. ती एकटी आली तर स्टँडवर कोणाला तरी पाठव. नाही आली तर वाट पाहू नकोस, राजूला बसवून कार्य उरकून घे.

ठकूला गोड पापा. म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुझे,
आप्पा


म्हसरूळ, नाशिक
१९ फेब्रुवारी २०२५

तृप्तीच्या आप्पांस,
गोजराचा शि. सा. नमस्कार.

तुम्हाला फोन ऐकू येत नाही म्हणून लिहिते. सातवीनंतर लिहायची सवय नाही. लाल शाई घेऊन चुका काढत बसू नका. गाय व्याली का ते राजूला फोन करून सांगायला सांगा. चिकाची वडी कोणी खाल्ली असेल तर मला कळेलच.

जावळ झालं. न्हावी आला आणि मामा कुठं आहे म्हणून विचारू लागला. सगळे खाली बघायला लागले. राजू पुढं झाला, त्याला मी सांगितलं की बाबा, तू थांब. पाटावर मी बसले. विहीणबाई भल्या माणूस, त्यांनी माझ्या मांडीवर स्वच्छ टॉवेल टाकला.

तृप्तीने ठकूला माझ्याकडे दिलं. मला वाटलं होतं ती वास ओळखेल. पाच महिने रोज माझ्या पायांवर पालथी पडून तेल लावून घेतलं होतं त्या पोरीने. तिने माझ्याकडे पाहिलं आणि असा हंबरडा फोडला की न्हाव्याने मशीन बंद केलं. अंग ताठ केलं, माझ्या छातीला हात लावून मला लोटत होती. लई ताकद आली आहे हो तिच्या हातात. सगळे म्हणाले की तृप्तीकडे द्या. मी दिली नाही. ती रडत राहिली, मी धरून राहिले, आणि केस माझ्या पदरात पडत राहिले. झालं तशी ती तृप्तीच्या खांद्यात तोंड खुपसून बसली. परत माझ्याकडे पाहिलं नाही.

तिचं काय चुकलं? आजी येत नव्हती, मग ती कशाला ओळखेल? पोरगा गेला त्यावर माझा इलाज नव्हता. ही मात्र मी माझ्या हाताने घालवली. त्या रात्री मी तुमच्यासमोर रडले नाही तेवढी इथं रडले. तृप्ती माझ्याजवळ येऊन झोपली. मी पाठवलं म्हणून तो गेला, हे मी तिला तोंडाने सांगितलं. ती म्हणाली की तिला माहीत आहे. तुम्हीच लिहिलं असणार. बरं केलं.

मी इथं राहते आहे. कधी येणार विचारू नका. मी बघितलं की ठकू रडते, म्हणून मी तिच्याकडे बघतच नाही. भिंतीकडे तोंड करून मेथी निवडते, कांदे चिरते. आज दुपारी तशीच बसले होते. मागं फरशीवर तिच्या हातांची थपथप ऐकू आली. जवळ येऊन थांबली. मग माझं लुगडं मुठीत धरलं, माझ्या पाठीवर दुसरा हात टेकला, आणि उभी राहिली. सुनील असाच उभा राहायला शिकला होता, मी चुलीपुढं बसले की. मला एवढं भरून आलं. पण रडले असते तर अंग हललं असतं आणि ती पडली असती. म्हणून मी पाठ हलू दिली नाही.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो तिकडं सांभाळून ठेवावा.

सौ. गोजरा