वॉर्डनबाईंसाठी मोठ्याने प्रार्थना

६ मे, सोमवार

हात खांद्याच्या वर जात नाहीत! दिवसभर वसतिगृहाच्या भिंती खरवडल्या. जुना रंग खपल्यांनी सुटतो आणि बरोबर माझ्याच डोक्यावर पडतो. आमच्या चर्चच्या तरुण संघातली ही पोरं घरी स्वतःचं ताट उचलत नाहीत, आणि इथे परदेशात सेवेला येऊन शिडीवरून उतरायला तयार नाहीत. आया बघतील तर चक्कर येईल.

त्यात माझी भाची सगळ्यांत पुढे. आवाजामुळे मंडळीत तिला सगळे भोंगा म्हणतात. आज तिने ब्रश मागितला तर समोरच्या इमारतीतला माणूस खिडकीत आला.

वॉर्डनबाई चांगल्या आहेत. त्यांना माझी भाषा नाही, मला त्यांची नाही. दोघींचं मोडकं इंग्रजी, उरलेलं हातवाऱ्यांवर. त्यांचा नवरा इथेच दुरुस्तीची कामं बघतो. बोलणं कमी. जेवला की ताट तिथेच ठेवून उठतो. नवरे सगळीकडे सारखेच, असं मी हातवारे करून म्हटलं — त्यांना लगेच कळलं!

७ मे, मंगळवार

आज जीव थाऱ्यावर नाही.

दुपारी आम्ही दोघी भांडी विसळत होतो. वॉर्डनबाईंनी दार लोटलं, माझा ओला हात धरला आणि स्वतःच्या छातीच्या कडेला, काखेपाशी टेकवला. गाठ. वाटाण्याएवढी. तुकडा काढून तपासायला दिलाय, रिपोर्ट शुक्रवारी. नवऱ्याला पत्ता नाही. त्याची बहीण ह्याच दुखण्याने गेली, तेव्हा तो कित्येक महिने घुम्यासारखा बसून होता म्हणे. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मीही ठेवलं.

मलाच का सांगितलं? मी शनिवारी जाणार म्हणून असेल. जाणाऱ्या माणसापाशी मन मोकळं करणं सोपं.

८ मे, बुधवार

एकटीला पेलवेना, भाचीला सांगितलं. "मनात प्रार्थना कर. मनात!" असं दोनदा बजावलं. "मावशी, मी काय आता लहान आहे का?"

९ मे, गुरुवार

घात झाला.

संध्याकाळची प्रार्थना होती. आम्ही सगळे, वसतिगृहातले काही जण, मागच्या बाकावर वॉर्डनबाईंचा नवरा. बाई स्वतः स्वयंपाकघरात होत्या. आमची रीत अशी — डोळे मिटायचे, आणि ज्याला आतून वाटेल त्याने मोठ्याने प्रार्थना करायची. दुभाषी आपल्याकडचाच, शिकायला आला आणि इथलाच झाला. तो एकेक वाक्य त्यांच्या भाषेत सांगत होता.

भाचीला आतून वाटलं!

"हे प्रभू, वॉर्डनबाईंच्या छातीतली ती गाठ तू काढून टाक —"

माझे डोळे खाडकन उघडले. दुभाषी क्षणभर थांबला. मग त्यांच्या भाषेत बोलायला लागला. मला एक शब्द कळेल तर शपथ. सगळे आमेन म्हणाले. नवरा उठला, तडक स्वयंपाकघरात गेला, बायकोच्या हातातून पातेलं घेतलं आणि घासायला लागला. ताट न उचलणारा माणूस! बाई नुसत्या बघत उभ्या.

म्हणजे कळलं त्याला.

भाचीला बाजूला घेतलं. "मनात म्हटलं होतं ना तुला?"

"अगं मावशी, डोळे मिटले होते ना... मला वाटलं मनातच चाललंय!"

ती रडायला लागली. तेही मोठ्याने.

पातेली झाल्यावर नवरा अंगणात गेला. मी आत जाऊन बाईंना सगळं सांगून टाकलं. एरवी माझं इंग्रजी पावलापावलाला ठेचकाळतं, आज घडाघडा — मी भाचीला सांगितलं, ती प्रार्थनेत बोलली, तुमच्या नवऱ्याने ऐकलं, मला माफ करा. त्यांनी एप्रन सोडला, खुंटीला अडकवला आणि त्याच्या मागे अंगणात गेल्या. खिडकीतून बघायचा मला धीर झाला नाही.

१० मे, शुक्रवार

दोघं सकाळीच रुग्णालयात गेले. दोघं मिळून! मी दार रंगवत होते, लक्ष फाटकाकडे. अर्धी काच रंगवून झाल्यावर मुलांनी माझ्या हातून ब्रश काढून घेतला.

दुपार कलल्यावर आले. तो पुढे, त्या मागे. चेहऱ्यांवरून काही कळेना. मग बाईंनी लांबूनच दोन्ही हात हलवले — नाही! तसलं काही नाही! साधी गाठ!

मी होते तिथेच खाली बसले. भाचीने केवढ्याने देवाचे आभार मानले. आज तिला कोणी गप्प केलं नाही. नवरा भिंतीला कपाळ टेकून रडत होता. भिंत ओली. मागे वळला तर भुवयांपासून वर सगळा पांढरा! कोणाला हसायचं धाडस होईना. शेवटी बाईच हसल्या, मग आम्ही पोट धरधरून.

नंतर बाईंनी मला बोटं दाखवली. रिपोर्ट उघडेपर्यंत त्याने ती इतकी आवळून धरली होती की अजून दुखतात. आणि म्हणाल्या, एकटी असते तर दारातूनच परत फिरले असते. तुझ्या भाचीला थँक्यू सांग.

आज जेवण गेलं. झोपही लागेल.

११ मे, शनिवार

विमानतळ. दुभाषी सोडायला आला. न राहवून विचारलं, "बाबा रे, ते गाठीचं बाईंच्या नवऱ्यादेखत सांगताना तुझी जीभ तरी कशी रेटली?"

"मी कुठे सांगितलं, मावशी? दुसऱ्याच्या घरातली गोष्ट अशी चारचौघांत सांगतात का? मी म्हटलं, बाई फार दमतात, घरच्यांना कामाला हात लावायची बुद्धी दे."

म्हणजे बाई अंगणात जाईपर्यंत नवऱ्याला काहीच माहीत नव्हतं. माझं ऐकून त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

हे आता कोणाला सांगणार नाही. भाचीला तर नाहीच.