खिडकीऐवजी दार

३ नोव्हेंबर

फेरीबोट बंद पडली आणि तिच्याबरोबर तिच्यावरचं माझं स्वयंपाकघरही. पण रडत बसायचा माझा स्वभाव नाही. आजपासून मी वृद्धनिवासात कामाला लागले. जागा झकास आहे. पिवळ्या विटांची बैठी इमारत, समोर फ्योर्डच्या खाडीचं पाणी, अंगणात झेंड्याचा खांब. इथली सगळ्यात जुनी सेविका बोडिल. तिनं मला सगळीकडे फिरवलं आणि दालचिनीचा पाव खाऊ घातला. व्यवस्थापिका हेले ब्रोखोल्म हसतमुख आहे. आमच्याकडे केंद्रस्थानी माणूस असतो, असं तिनं सांगितलं. तेच वाक्य भिंतीवरही रंगवलेलं आहे.

माझ्या वाट्याला आस्ता आली. आयुष्यभर मासेमारीची जाळी विणली, आता बोटं आखडली आहेत. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तिला साधं पाणी गिळता येत नाही, ठसका लागतो. पाण्यात पूड घालून ते घट्ट करायचं, चमच्याचमच्यानं पाजायचं, घाई करायची नाही. एक पेला संपायला अर्धा तास लागतो. पहिला चमचा घेऊन ती म्हणाली, जाळ्यातल्या हेरिंग माशालासुद्धा याहून जास्त पाणी मिळतं. आमचं जमणार.

८ नोव्हेंबर

लाल दिव्याची गंमत आज कळली. म्हाताऱ्यांनी घंटा दाबली की दारावर दिवा लागतो. घंटेचं एक बटण पलंगापाशी, एक बाहेर दाराशेजारी; विझवायचं बटण मात्र दाराच्या आतल्या बाजूला. आपण आत डोकवायचं, 'येतेच हं' म्हणायचं, बटण दाबून दिवा विझवायचा आणि पुढे जायचं. दिवा पटकन विझला म्हणजे सेवा पटकन मिळाली, असा हेलेचा हिशोब. दुपारनंतर अख्ख्या इमारतीला आम्ही दोघीच. कोण परत जातंय? सगळ्याजणी चांगल्या बायका आहेत, आणि सगळ्याजणी दिवसभर 'येतेच हं' म्हणत पळत असतात. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बोडिल म्हणाली, होईल सवय.

१२ नोव्हेंबर

आस्ताच्या समोरच्या खोलीतले व्हिगो सकाळी वारले. मी सवयीनं खिडकीकडे वळले. माणूस गेला की खिडकी उघडायची, जाणाऱ्याला वाट द्यायची, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. खिडकी हलेना. वसंतापासून सगळ्या खिडक्या स्क्रूनं बंद आहेत. मागे एक म्हातारा चढून बाहेर पडला होता, शिवाय उष्णता वाया जाते. हवेसाठी छतात यंत्र आहे, तेवढं पुरे, असं हेलेचं म्हणणं.

बायकांना ते बरं वाटेना, म्हणून बोडिलनं तोडगा काढला होता. खिडकीऐवजी दार उघडायचं, आतल्या बंद व्हरांड्यात उघडणारं. वसंतापासून गेलेल्या प्रत्येकाला त्यांनी असंच वाट करून दिली. मला हसू आलं, तरी मीही दार धरून उभी राहिले. बाहेर झेंडा अर्ध्यावर उतरवला.

कॉफीच्या वेळी व्हिगोच्या दारावरचा दिवा लागला. खोली रिकामी, गादीसुद्धा नेलेली. बोडिलनं न बघताच आत हात घातला, 'येतेच हं' म्हणाली आणि बटण दाबलं.

१५ नोव्हेंबर

आस्तानं आज माझं मनगट धरलं. पकड अजून जाळी ओढणाऱ्या बाईची आहे.

"अगं, मला दारातून काढू नकोस. तिकडे फार गर्दी झालीय."

कसली गर्दी, म्हणून मी विचारलं. तहानलेल्यांची, म्हणाली. मग खिडकीकडे बोट केलं, पाण्याकडच्या. मी शब्द दिला. द्यायला काय जातं, असं तेव्हा वाटलं. आता तसं वाटत नाही. तो मी पाळणार.

१८ नोव्हेंबर

दोन दिवस सुट्टी घेऊन आले तर आस्ताची जीभ लाकडासारखी. पेला खिडकीच्या कट्ट्यावर, काठोकाठ भरलेला, तिच्या हातापासून लांब. मी थेट हेलेच्या खोलीत शिरले. ती म्हणाली, आस्ता नको म्हणते, सक्ती करता येत नाही. नको म्हणते! तिच्याजवळ अर्धा तास कुणी बसतच नाही, मग ती हो कुणाला म्हणणार? मी आवाज चढवला. हेलेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी नवी आहे, हळवी आहे, माझ्यासाठी एखादं शिबिर बघू, असं म्हणाली. कुत्र्यालासुद्धा कुणी असं तहानेलं ठेवत नाही.

२० नोव्हेंबर

व्हरांड्यातल्या फुलदाण्या कोरड्या पडतात. मी भरते, कपडे बदलून येते, तोवर तळ दिसतो. कुठलीच गळत नाही. रिकाम्या खोल्यांवरचे दिवे आता विझतच नाहीत. आणि एक आवाज येतो — कोरडे ओठ एकमेकांना चिकटून सुटतात तसा. भिंतीच्या कडेनं, माझ्या मागोमाग. बोडिल कानात वायरी घालून काम करते. म्हणजे तिलाही ऐकू येतंय.

२४ नोव्हेंबर

आज पाहुणे. तपासणीवाले. केकवर छोटे झेंडे. मला हॉलमध्ये कॉफी द्यायला उभं केलं. आस्ताचं पाणी राहिलंय म्हटलं, तर हेले डोळ्यांनीच गप्प बस म्हणाली.

व्हरांड्याच्या टोकाला आस्ताचा दिवा लागलेला मी पाहिला. हेले पाहुण्यांना तिकडूनच आणत होती. चालता चालता तिनं आत हात घातला. गोड आवाजात — "येतेच हं." दिवा विझला. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

मी ट्रे टाकून धावले. उशीर झाला होता. ओठ फाटलेले. पेला कट्ट्यावर, भरलेला.

मारलं तिला. दुसरा शब्द नाही. हसत हसत, केकच्या वासात मारलं.

बोडिल दार उघडायला आली. मी तिला बाहेर ढकललं, कडी लावली, पलंग आडवा सरकवला. चाकांच्या खुर्चीचा पाय ठेवायचा लोखंडी दांडा हातात —

त्याच दिवशी

काच फुटली. वारा आत येतोय, तरी पडदा बाहेर गेला. समुद्राकडे. एकदाच. मग सैल पडला.

गेली. शब्द पाळला.

हेले दार बडवतेय. पोलिसांना बोलावते म्हणते.

तो आवाज. ओठांचा. तिच्या मागून. खूप जण.

मी ओरडले, या, खिडकी उघडी आहे, जा सगळे. कुणी आत येत नाही. त्यांना जायचं नाही. त्यांना आधी —

हेले विचारतेय, कोण आहे तिकडे. पुन्हा विचारतेय. आवाज बसलाय. घसा कोरडा पडल्यासारखा.

दारावरचा दिवा लागला. बाहेरचं बटण तीच दाबतेय. सारखं.

"पाणी," म्हणतेय. "दार उघड गं. पाणी दे."

पेला माझ्या हातात आहे. भरलेला. पलंग सरकवला की झालं, एवढंच तर —

आतलं बटण माझ्या बोटाखाली.

"येतेच हं," मी म्हटलं, आणि दिवा