बुन्रीच्या आधीची दोन अक्षरे

मी सोपान गेनू ओव्हाळ, वय ६३, धर्म बौद्ध, साखर कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, तालुका इंदापूर, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणी दमदाटी केलेली नसताना हे लिहून ठेवतो. बायको चंद्राबाई म्हणते, "मेल्यावर तरी गप पडा." ते मला मान्य नाही.

कलम १. राहते घर चंद्राबाईचे, तिच्यामागे मुलगी तेजश्रीचे. ती बारामतीत शिक्षिका आहे. पाने, हातोडे भाचा समाधान याला. तो ते गंजवणार, हे ठाऊक असून देतो.

कलम २. सरपंच रामहरी आबांच्या ओसरीला, वळचणीत खोचलेला, कान तुटलेला एक कप आहे. तीस वर्षे त्यातून माझ्याशिवाय कोणी चहा प्यायलेले नाही. म्हणजे वहिवाटीने तो माझाच. तो मी आबांना देतो. त्यांनी स्वतः त्यातून प्यावे. चहा काही बाटत नाही, मी पिऊन पाहिला आहे.

कलम ३. आता पाटीचे. कारखान्यात यंत्रे बसवायला जपानी लोक आले, तेव्हा तीन वर्षे त्यांच्या हाताखाली राबून मी त्यांची भाषा उचलली. साखरेतून मळी वेगळी काढणाऱ्या यंत्राला ते 'बुन्रीकी' म्हणत. बुन्री म्हणजे वेगळे करणे. १९९३ साली त्यांच्यातले नाकागावासाहेब आमचे गाव बघायला आले. आबांनी भाषण ठोकले, "आमचं गाव धर्मनिरपेक्ष हाय! सोपान, सांग त्यास्नी जपानीत."

मला शब्द येईना. धर्म आणि कारभार वेगळे, एवढेच डोक्यात. घाईत बोलून गेलो, "इथे बुन्री आहे." साहेब म्हणाले, काय वेगळे आहे ते दाखवा.

आबांनी हौसेने दाखवले. "ही आमची आळी, ती सोपानची वस्ती. हितं गावाचं स्मशान, त्यांचं तितं, वढ्याच्या पल्याड." साहेब वहीत लिहीत गेले. भाषांतर माझे चुकले होते, पण गावाने ते बरोबर करून दाखवले.

जाताना साहेबांनी स्मशानासाठी पत्र्याची शेड दिली. सर्वांसाठी, असे दोनदा म्हणाले, आणि मी दोन्ही वेळा सांगितले. शेड गावाच्या स्मशानात उभी राहिली. माझी आई श्रावणात गेली. ओढ्यापलीकडे तिची चिता तीनदा विझली. तो राग मी बरोबर नेणार आहे.

आबा म्हणाले, "शेडवर धर्मनिरपेक्ष लिव्ह, जपानीत." मला येत होते तेवढे 'बुन्री' पाटीवर जपानी लिपीत रंगवले. दर सव्वीस जानेवारीला त्या पाटीला हार पडतो! पुढे पुण्यात शब्दकोशात खरा शब्द सापडला: सेइक्यो बुन्री. म्हणजे कारभार आणि धर्म वेगळे. बुन्रीच्या आधी जपानी लिपीतली दोनच अक्षरे हवी होती. पाटीवर डावीकडे तेवढी जागा आहे.

कलम ४. मला त्याच शेडखाली जाळावे. जाळू दिले, तर तेजश्रीने ती दोन अक्षरे माझ्या ब्रशने रंगवावीत. नमुना मागच्या पानावर आहे. अडवले, तर पाटीला हात लावू नये. जमलेल्यांना तिचा अर्थ मोठ्याने सांगावा आणि मला ओढ्यापलीकडे न्यावे.

ठिकाण : इंदापूर
दिनांक : ९ जून १९९७
सही : सोपान गेनू ओव्हाळ

साक्षीदार :
१. भागूबाई लोंढे, शेजारी. (वाचून दाखवले. अंगठा.)
२. राजवर्धन रामहरी घाडगे, सरपंचांचा मुलगा. वाचून सही केली. रंगाचा डबा मी आणीन. आबांना एवढ्यात सांगू नये.